लढाई मराठीत, तळटीप इंग्रजीत

मराठ्यांच्या लढायांवर आज दोन प्रकारची पुस्तके निघतात. पहिला प्रकार इंग्रजीत, जाड पुठ्ठ्यात, पौंड किंवा डॉलरांतल्या किमतीत. त्यात तळटिपा असतात, नकाशे असतात, सूची असते. आणि तो स्वतःच्या खिशातून विकत घेणारा माणूस विरळा, घेतात ती ग्रंथालये. दुसरा प्रकार मराठीत, मुखपृष्ठावर उधळलेला घोडा आणि उपसलेली तलवार घेऊन येतो. त्यात तळटीप शोधावी लागते, वीररस पानापानावर सांडलेला असतो आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरे पुस्तक असायला हवे : लढाईची मूळ कागदपत्रे, नीट वाचलेली, नीट छापलेली, टिपा दिलेली, आणि शाळामास्तराला परवडतील अशा किमतीची. असे पुस्तक मराठीत एकेकाळी सातत्याने निघत असे. आता ते अपवादाने निघते. माझे भांडण या तिसऱ्या पुस्तकाच्या गैरहजेरीशी आहे, आणि ती गैरहजेरी ज्यांना ज्यांना सोयीची पडली आहे त्या सगळ्यांशी आहे.

मी राहतो त्या फरीदाबादचेच उदाहरण घ्या. १७५७ च्या जानेवारीअखेर अहमदशाह अब्दाली दिल्लीत शिरला. पेशव्यांचा दिल्लीतला सरदार अंताजी माणकेश्वर थोडी फौज घेऊन दक्षिणेकडे सरकला आणि फेब्रुवारीच्या आरंभी फरीदाबादजवळ अफगाणांनी त्याला गाठले. आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या फौजेशी झुंजून, माणसे गमावून, तो मथुरेच्या रोखाने निसटला. अफगाणांनी फरीदाबाद जाळले; मार्चमध्ये शेजारचा बल्लभगडचा किल्ला पडला. पुढे चार वर्षांनी पानिपतावर जे वाढून ठेवले होते त्याची सूचना इथेच मिळाली होती. अंताजीची पत्रे उपलब्ध आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या चारपाच वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड काढले, त्यांत ती छापलेली आहेत. प्रत्येक पत्राच्या डोक्यावर इंग्रजीत दोनचार ओळींचा सारांश आहे. हे खंड आज संगणकावर चित्ररूपात पाहायला मिळतात. पण त्यातल्या जुन्या मराठीला, हुंडी-वरातींच्या भाषेला, अर्धवट लिहिलेल्या नावांना आजच्या वाचकासाठी पुरेशा टिपा नाहीत. ज्याला मराठी येत नाही तो त्या इंग्रजी सारांशावर काम भागवू शकतो, आणि ज्याला मराठी येते त्यालाही ते पत्र एकट्याने उलगडता येत नाही.

त्याच दिल्ली-आग्रा वाटेवर, म्हणजे आजच्या मथुरा रोडवर, आता छापखाने आहेत. थॉमसन प्रेसचा मोठा कारखाना फरीदाबादचाच. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, सोनीपत या पट्ट्यात देशातल्या इंग्रजी विद्वत्ग्रंथांचा मोठा वाटा जुळवला, तपासला, छापला जातो; लष्करी विषयांची पुस्तके काढणारे प्रकाशक दिल्लीत ओळीने बसले आहेत. परदेशी विद्यापीठांच्या मुद्रणालयांची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधनही इथे आणि चेन्नई-पुदुच्चेरीकडे होते. थोडक्यात, लढाई इथली, कागद इथला, कामगार इथला. भाषा आणि भाव तेवढे इथले नाहीत.

हा तिढा नवा नाही. पानिपतच्या लढाईचे प्रत्यक्षदर्शीने लिहिलेले सर्वांत प्रसिद्ध वर्णन काशीराज पंडिताचे. हा मूळचा महाराष्ट्रातला माणूस, चाकरीला शुजाउद्दौल्याकडे. त्याने लिहिले फारसीत. जेम्स ब्राउन या कंपनीच्या अधिकाऱ्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे इंग्रजी भाषांतर केले. १९२६ साली रॉलिन्सन यांनी तेच भाषांतर पुन्हा संपादून काढले. पुढे जदुनाथ सरकारांनी मूळ फारसीवरून नवे इंग्रजी भाषांतर केले, कारण ब्राउनचे त्यांना भरवशाचे वाटेना. म्हणजे एका मराठी माणसाने पाहिलेली मराठ्यांची सर्वांत मोठी हार मराठी वाचकापर्यंत दोन परक्या भाषांचा वळसा घेऊन आली, आणि वाटेत ती चुकीची झाली होती हेही एका बंगाल्याला इंग्रजीतून सांगावे लागले. या नियतकालिकाचा वाचक भाषांतराचे मोल जाणतो, म्हणून ही गोष्ट इथे सांगण्यात अर्थ आहे. भाषांतराबद्दल माझी तक्रार नाही. मूळ जवळ न ठेवता केवळ भाषांतरावर विद्वत्ता उभी करण्याबद्दल आहे.

आता तिसरे पुस्तक कसे निघत असे ते पाहू. १८२६ साली ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास आला. चाळीसेक वर्षांनी डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थ्याने त्यावर मराठीत सडेतोड टीका लिहिली आणि ती ‘विविधज्ञानविस्तारा’त छापून आली. आज ज्याला ‘पिअर रिव्ह्यू’ म्हणून मान डोलावतात ते याहून वेगळे काय असते? १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघाले, का. ना. साने यांनी बखरी शुद्ध करून छापल्या. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे हे शाळामास्तर पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढत राहिले. साताऱ्यात पारसनीसांनी ‘इतिहाससंग्रह’ चालवला. १८९८ साली राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळाचा. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ही सगळी माणसे एकमेकांशी कडाकडा भांडत. जदुनाथ सरकार आणि पुण्याची मंडळी यांचे तर कधी जमलेच नाही. पण भांडण कागद पुढे ठेवून चालत असे.

याचा फायदा काय झाला, तो एका उदाहरणाने सांगतो. राजवाड्यांनी पहिल्या खंडाच्या प्रस्तावनेत पानिपतच्या अपयशाबद्दल गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर कडक ठपका ठेवला. पुढच्या अभ्यासकांनी तो ठपका जसाच्या तसा मान्य केला नाही. तो तपासणे त्यांना शक्य झाले, कारण राजवाड्यांनी निकालाबरोबर पुरावाही छापला होता. प्रस्तावना त्यांची, पण पत्रे सर्वांची. आपले म्हणणे खोडून काढण्याचे हत्यार वाचकाच्या हातात देऊन मगच बोलायचे, ही विद्वत्तेची किमान सभ्यता आहे. युद्धाच्या इतिहासात ती अधिक लागते, कारण हरलेल्या लढाईत प्रत्येकाला दोषी हवा असतो आणि जिंकलेल्या लढाईत प्रत्येकाला नायक.

लढाईचा इतिहास मुख्यतः कागदांतूनच कळतो, हेही विसरता कामा नये. १७६० च्या ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा घेतला. त्यानंतर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठी छावणी यांच्या मध्ये येऊन बसला. त्या क्षणापासून पानिपत ही दाण्याची, वैरणीची, पैशाची लढाई झाली. हा हिशेब पोवाड्यात येत नाही. तो येतो सावकाराच्या पत्रात, कमाविसदाराच्या रडगाण्यात, बैल किती मेले याच्या नोंदीत. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ आजही टिकून आहे ते त्यांनी अशा कागदांवर आणि प्रत्यक्ष रणभूमी पायाखाली घालून ते लिहिले म्हणून. पण तेही आधी १९४६ साली डेक्कन कॉलेजाने इंग्रजीत काढले. मराठीत यायला १९६१ उजाडले. मराठी विद्वानाच्या मराठी लढाईवरच्या ग्रंथाला मराठीत यायला पंधरा वर्षे लागली. त्या दिरंगाईची आपल्याला आता इतकी सवय झाली आहे की तिचे नवलही वाटत नाही.

आता इंग्रजी प्रकाशनाकडे वळू. तिथे जे चांगले आहे त्याला चांगलेच म्हणायला हवे. सुरेंद्रनाथ सेनांनी १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला, तो मराठी शिकून. स्ट्युअर्ट गॉर्डन यांनी माळव्यातल्या मराठी कागदांवर मेहनत घेतली. रँडॉल्फ कूपर यांचा १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धावरचा ग्रंथ केंब्रिजने २००३ साली काढला. शिंद्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ कमअस्सल नव्हते. कंपनीने पैशाच्या आणि पतीच्या जोरावर शिंद्यांचे युरोपीय अधिकारी फोडले आणि लढाईआधीच अर्धे काम उरकले, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. शिंद्यांचा सेनापती पेराँ त्या सप्टेंबरात कंपनीच्या आश्रयाला गेला. ११ तारखेला पटपडगंजजवळ लेकने बुर्कँच्या पलटणी मोडल्या. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फच्या मैदानात उभा आहे. रोज शेकडो मराठी माणसे त्याच्या आसपासच्या कचेऱ्यांत नोकरीला जातात. त्यांच्यासाठी हा विषय मराठीत कोणी मांडावा? कूपर यांनी मांडावा अशी अपेक्षा करणे चूक. ते काम आपले होते.

मग दोष कोणाचा? पहिला दोष त्या व्यवस्थेचा, जिच्यात ग्रंथ महाग असणे हाच त्याच्या प्रतिष्ठेचा भाग झाला आहे. युद्धेतिहासाची मान्यवर नियतकालिके इंग्लंड-अमेरिकेतून निघतात. तिथे लेख द्यायचा तर मराठी अवतरणे इंग्रजीत द्यायची, मूळ मजकुराला जागा नाही. अवतरण बरोबर वाचले आहे का हे तपासायला परीक्षकाला मोडी किंवा जुनी मराठी येते का, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. लेखकाला मोबदला नाही, परीक्षकाला मोबदला नाही, आणि वाचकाने मात्र पैसे मोजायचे. २०१२ साली तीन मोठ्या इंग्रजी प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर खटला भरला होता, तो २०१६ साली उच्च न्यायालयात त्यांच्याविरुद्ध गेला. विद्यार्थी पुस्तक विकत घेऊ शकत नाहीत म्हणून प्रत काढतात, हे समजायला न्यायालयात जावे लागले.

यावर सरकारने उपाय काढला तो कोणाच्या सोयीचा? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्था. वैद्यक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग होईल, यात शंका नाही. पण इतिहासाच्या बाबतीत हे म्हणजे विहीर आपली, मोट आपली, बैल आपले आणि पाण्याची पट्टी शेजाऱ्याला भरायची. कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमालांत बांधून पडले आहेत. ते वाचण्यासाठी मोडी वाचणारे हवेत, संपादक हवेत, सूचीकार हवेत. त्या कामाला या रकमेचा शतांश दिला तरी साठ कोटी होतात. साठ कोटींत किती खंड निघतील याचा हिशेब ज्याने एकदा तरी मराठी पुस्तक छापून घेतले आहे तो सहज करील. शिवाय गावात बसून बखरी वाचणारा निवृत्त सुभेदार या वर्गणीत बसतच नाही. त्याला कोणत्याही विद्यापीठाचे ओळखपत्र नाही.

दुसरा दोष आपल्या विद्यापीठांचा. प्राध्यापकाच्या बढतीसाठी गुण लागतात, गुणांसाठी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिक लागते, आणि ते मागणीप्रमाणे तयार होते. पैसे भरा, आठ दिवसांत लेख छापून घ्या. अशा नियतकालिकांत शिवकालीन दुर्गव्यवस्थेवर चार पानी इंग्रजी लेख येतात, ते लेखकाशिवाय कोणी वाचत नाही. त्याच काळात एखाद्या माणसाने दोन वर्षे खपून शंभर पत्रांचे बाळबोध लिप्यंतर केले, तर त्याला ‘संशोधन’ म्हणायला समित्या तयार नसतात, कारण त्यात ‘मत’ नाही. पत्र बरोबर लावणे हेच पहिले संशोधन आहे, हे राजवाड्यांच्या भाषेत पदवी घेतलेल्यांना सांगावे लागते.

तिसरा दोष आपल्या मराठी प्रकाशन व्यवहाराचा, आणि तो मी सौम्य करून सांगणार नाही. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ पासून लाखो वाचकांना त्या लढाईपर्यंत नेले, कादंबरीने कादंबरीचे काम केले. दोष तिच्या मागून आलेल्या त्या पुस्तकांचा, जी कादंबरी असूनही इतिहास म्हणून विकली जातात आणि इतिहास असूनही कादंबरीसारखी लिहिली जातात. शत्रूची संख्या दरवेळी फुगते, आपली घटते. संदर्भ विचारला की ‘बखरीत आहे’ असे उत्तर येते. कोणत्या बखरीत, कोणत्या पानावर, ती लढाईनंतर किती वर्षांनी लिहिली, हे विचारणारा खडूस ठरतो. ज्या प्रकाशनगृहांकडे पैसा आहे त्यांनी संपादकाची खुर्ची रिकामी ठेवून जाहिरातीचा फलक मोठा केला. आणि वाचक म्हणून आपणही साथ दिली. पूर्वजांचे शौर्य ऐकायला आपल्याला आवडते, त्यांनी सावकाराला लिहिलेली विनवणी वाचायला आवडत नाही.

या काळात जे काम झाले ते बहुतांशी एकेकट्या माणसांनी केले. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. कर्नल पळसोकरांनी मराठा लाइट इन्फंट्रीचा इतिहास लिहिला, पण इंग्रजीत. मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी बासष्टच्या पराभवावर ‘न सांगण्याजोगी गोष्ट’ मराठीत लिहिली. उदय कुलकर्णी हे शल्यविशारद. त्यांनी पानिपतवर इंग्रजीत ग्रंथ लिहून पुण्यातून काढला. गजानन भास्कर मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळात बसून आयुष्य काढले, अनेक भाषा शिकले, आणि १९९६ साली ‘श्री राजा शिवछत्रपती’ हा तळटिपांनी गच्च भरलेला ग्रंथ मराठीत दिला. २०२५ मध्ये ते गेले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलींमध्ये ‘एकट्याने संस्थेएवढे काम केले’ असा सूर होता. ही स्तुती ऐकून संस्थांना लाज वाटायला हवी होती.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे. जाणती माणसे म्हणतात, मराठीत हे विषय लिहायची सोय राहिलेली नाही. भावना दुखावतात, दगड येतात. म्हणून इंग्रजीत, दूरच्या मुद्रणालयाकडून छापावे. या म्हणण्यामागची भीती खरी आहे. पण तोडगा कसा ठरला ते पाहा. जेम्स लेन यांचे शिवाजीमहाराजांवरचे पुस्तक २००३ साली इंग्रजीतच निघाले, ऑक्सफर्डकडून. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रकाशकाने ते भारतातून मागे घेतले. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, केवळ लेखकाने तिचे आभार मानले होते म्हणून. हस्तलिखिते फाटली, कपाटे मोडली. राज्य सरकारने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयात २०१० साली टिकली नाही, पण तोवर व्हायचे ते झाले होते. इंग्रजी भाषेने कोणाचे रक्षण केले? लेखक अमेरिकेत, प्रकाशक माघारी, आणि मार पुण्याच्या ग्रंथालयाने खाल्ला. पुस्तकाचे गुणदोष हा वेगळा विषय. त्यातले कोणते विधान कोणत्या आधारावर आहे, किंवा निराधार आहे, हे मराठीत, कागद समोर ठेवून दाखवण्याची भक्कम परंपरा जिवंत असती, तर दगड उचलणाऱ्याच्या आधी वाचणारा पुढे आला असता. मराठीतून पळ काढल्याने मराठी अधिक समंजस होत नाही.

कोरेगाव भीमाचेही तेच. १ जानेवारी १८१८ ची लढाई. कंपनीच्या मुंबई फौजेतली एक पलटण पेशव्यांच्या मोठ्या सैन्यासमोर दिवसभर टिकली, आणि त्या पलटणीत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. स्तंभावर पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. १९२७ च्या १ जानेवारीला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्या स्तंभाला एक नवा अर्थ मिळाला. २०१८ च्या १ जानेवारीला त्याच परिसरात दगडफेक आणि जाळपोळ झाली, एक तरुण जिवानिशी गेला. इतक्या वर्षांच्या वादात दोन्ही बाजू ठामपणे बोलतात. मग कंपनीचे अहवाल, पेशव्यांकडच्या नोंदी, पलटणीच्या भरतीचे कागद आणि स्तंभावरचा मजकूर हे सारे मूळ भाषेत, मराठी भाषांतरासह, दोनशे पानांत, शंभर-दीडशे रुपयांत, प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात का असू नये? त्याने वाद मिटेल असे मी म्हणत नाही. ज्याच्या हातात कागद आहे त्याला भडकवणे थोडे अवघड जाते, एवढेच म्हणतो.

आधुनिक युद्धांची कथा याहून वाईट. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून हिंदी शिपायांनी लिहिलेली पत्रे सेन्सॉरने वाचली आणि इंग्रजी उतारे करून ठेवले. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मूळ पत्रे बहुतेक गेली. त्यांत थोडे मराठी शिपाईही आहेत. म्हणजे सातारा-रत्नागिरीच्या गड्याने घरी काय लिहिले ते आज आपल्याला फक्त सेन्सॉरच्या इंग्रजीत वाचायला मिळते. ते निदान कोणाच्या हातात नव्हते. पण स्वतंत्र भारताचे काय? बासष्टच्या युद्धाचा अधिकृत इतिहास संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने लिहवून घेतला. लेखकांपैकी एक पुण्याचे कर्नल अनिल आठल्ये. १९९२ साली तो तयार झाला आणि ‘मर्यादित’ शिक्का मारून ठेवला गेला. वाचकांना तो मिळाला तो संगणकावर फुटलेल्या प्रतीतून. पासष्ट आणि एकाहत्तरच्या युद्धांचे इतिहासही आधी फुटले, आणि पुस्तक म्हणून २०११ आणि २०१४ मध्ये आले, अर्थात इंग्रजीत. जून २०२१ मध्ये मंत्रालयाने नवे धोरण जाहीर केले : युद्ध संपल्यापासून पाच वर्षांत इतिहास तयार व्हावा, आणि कागद साधारणपणे पंचवीस वर्षांत खुले व्हावेत. धोरण चांगले आहे. पण त्यात भाषेचा विचार कुठे आहे? ज्या जवानाच्या पलटणीची ती रोजनिशी, त्याची आई ती वाचू शकणार नाही, त्याची नात कदाचित वाचील. पाटण किंवा चंदगड तालुक्यात एखाद्या गावाच्या वेशीवर हुतात्म्याचा पुतळा असतो. तो कुठे, कशाने, कोणाच्या हुकमाने मेला, हे त्या गावाला त्याच्या भाषेत सांगणे हे राष्ट्राचे देणे आहे. पुतळा उभारल्याने ते फिटत नाही.

‘मराठीत वाचणारे आहेत कोण?’ असा प्रश्न शेवटी येतोच. हा प्रश्न १८९८ सालीही विचारता आला असता, आणि तेव्हा साक्षर माणसे आजच्यापेक्षा किती कमी होती ते वेगळे सांगायला नको. शेजवलकरांचे ‘पानिपत’ अजून विकले जाते. मोडीच्या वर्गांना आजही तरुण मुले येतात, त्यात संगणकवाले आहेत, शिक्षिका आहेत. त्यांना शिकवून झाल्यावर देण्यासारखे काम आपल्याकडे नाही, हे दुखणे आहे. वाचक आहे, लिपी वाचणारा आहे, कागद आहे, छापखाना तर माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर आहे. नाही ती फक्त या चौघांना एकत्र बसवणारी संस्था, आणि तिला लागणारी हिंमत.

म्हणून मागण्या सांगतो, त्या मोजक्याच आहेत. सार्वजनिक पैशातून मराठ्यांच्या युद्धांवर जो कोणी संशोधन करील, मग तो पुण्याचा असो वा प्रिन्स्टनचा, त्याने वापरलेली मराठी पत्रे मूळ स्वरूपात, बाळबोध लिप्यंतरासह, कोणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवावीत. त्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळू नये. साधनांच्या संपादनाला विद्यापीठांनी ग्रंथाइतकेच गुण द्यावेत. मराठीत युद्धेतिहासाचे एक त्रैमासिक असावे, ज्यात लेख दोन जाणकारांनी तपासल्याशिवाय छापला जाणार नाही आणि तपासणाऱ्याला मानधन मिळेल. संरक्षण मंत्रालयाने आपले इतिहास भारतीय भाषांत काढावेत. ज्या पलटणीत ज्या भाषेचे जवान, त्या भाषेपासून सुरुवात करावी. आणि जे मराठी विद्वान इंग्रजीत लिहितात त्यांनी करारावर सही करण्याआधी एक ओळ नीट वाचावी : भाषांतराचे हक्क कोणाकडे? मराठीचा हक्क स्वतःकडे ठेवायला एक पैसा पडत नाही. तेवढेही न करणाऱ्याने मराठीच्या दुरवस्थेवर परिसंवादात बोलू नये.

मराठीत ‘विश्वास पानिपतात गेला’ असे म्हणतात. तो तिथे कसा गेला हे सांगणारे कागद पुण्यात आहेत, आणि ते वाचता येणाऱ्या शेवटच्या पिढ्यांपैकी एक आपली आहे. रुमालाच्या गाठी आपण सोडल्या नाहीत तर पुढे त्या कसर सोडवील, आणि कसरीला तळटीप लागत नाही.